पहिले तीन महिने जेवण गेले नाही, तर बाळाच्या हृदयावर परिणाम होतो का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकले असेल तर ते इथेच लक्षात येईल. तुम्हाला २० आठवडे पूर्ण झाले आहेत. सुरुवातीचे तीन-साडेतीन महिने उलट्यांमुळे पोटात काही टिकत नव्हते, वजन ५६ किलोवरून ५२ वर आले आणि भूक परत आल्यावर आता ते ५४ झाले आहे. उंची १५७ सेंटिमीटर आहे. तुम्ही शाकाहारी आहात आणि अंडीही खात नाही. वडिलांना ४५व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. आईच्या गरोदरपणातील आहारावर मुलाच्या हृदयाचे आयुष्यभराचे आरोग्य ठरते, असे वाचल्यापासून तुम्हाला झोप लागत नाही. त्या तीन महिन्यांत बाळाचे नुकसान होऊन गेले का, आणि आता काय खाल्ले म्हणजे ते भरून निघेल, असे तुम्ही विचारले आहे.

मी प्रसूतितज्ज्ञांच्या बरोबरीने गरोदर स्त्रियांच्या आहाराचे काम बरीच वर्षे करते आहे, आणि ज्यांना सुरुवातीला फार उलट्या झाल्या त्यांच्याकडून हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. हृदयाची घडण नीट झाली की नाही, ही एक गोष्ट. आणि हेच मूल पन्नाशीला पोहोचल्यावर त्याला रक्तदाब किंवा हृदयविकार होण्याची शक्यता किती, ही दुसरी. दोन्हींचा काळ वेगळा आहे, कारणे वेगळी आहेत आणि आईच्या ताटाचा त्यांतला वाटाही वेगळा आहे.

घडणीबद्दल प्रथम. गर्भधारणेनंतर साधारण तीन आठवड्यांनी हृदयाची पहिली धडधड सुरू होते आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस चार कप्पे, पडदे, झडपा आणि मुख्य रक्तवाहिन्या यांची मांडणी बहुतांशी पूर्ण झालेली असते. जन्माला येणाऱ्या दर १०० बाळांपैकी सुमारे एकाच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष आढळतो आणि त्यांतल्या बऱ्याच बाळांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. जी कारणे सापडतात, त्यांत गुणसूत्रांतील व जनुकांतील बदल, गरोदरपणातील रुबेला, काही विशिष्ट औषधे, मद्यपान आणि आईला आधीपासून असलेला, आटोक्यात नसलेला मधुमेह ही प्रमुख आहेत. मधुमेहात तर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. आहाराचा अगदी थेट संबंध दिसतो तो फेनिलकिटोन्युरिया या दुर्मीळ आनुवंशिक विकारात: अशा स्त्रीने पथ्य सोडले आणि तिच्या रक्तात फेनिलॲलॅनिन हा प्रथिनांतील घटक साठला, तर बाळाच्या हृदयाच्या घडणीत दोष राहू शकतात. उलट्यांमुळे काही आठवडे कमी खाल्ले गेले, ही गोष्ट या रांगेत बसत नाही. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस बाळाचे वजन जेमतेम १५ ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा जिवाला लागणारी ऊर्जा आईच्या शरीरातील साठ्यातून पुरवली जाते. त्या काळात खरी गरज असते ती फॉलिक ॲसिडची, दररोज ४०० मायक्रोग्रॅम. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या चाचणीने मज्जारज्जूच्या दोषांपासून ते किती मोठे संरक्षण देते, हे निर्विवादपणे दाखवले. हृदयाच्या दोषांबाबतचा पुरावा तितका भक्कम नाही, काही अभ्यासांत फायदा दिसतो एवढेच म्हणता येते. तुमच्या गोळ्या किती दिवस पोटात टिकल्या, हे डॉक्टरांना जरूर सांगा. पण त्याचे उत्तर आता अंदाजाने शोधायची गरज नाही, कारण पाचव्या महिन्यातील सविस्तर सोनोग्राफीत हृदयाचे चारही कप्पे आणि बाहेर पडणाऱ्या रक्तवाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या जातात. ती झाली असेल आणि हृदय व्यवस्थित दिसले असेल, तर घडणीबद्दलची बरीचशी चिंता तिथे संपते. वडिलांचा हृदयविकार हे गर्भाची वेगळी इको तपासणी करण्याचे कारण नाही. घरात कुणाला जन्मजात हृदयदोष असता किंवा तुम्हाला आधीपासून मधुमेह असता, तर मात्र ती करायला सांगितली असती.

आता दुसरी गोष्ट, जी वाचून तुमची झोप उडाली आहे. तिचा उगम मुख्यतः डेव्हिड बार्कर या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञांच्या कामात आहे. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आरोग्यसेविका प्रत्येक बाळाचे जन्माच्या वेळचे आणि वर्षाच्या वयाचे वजन वहीत नोंदवत असत. बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९११ ते १९३० या काळात तिथे जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ मध्ये दाखवून दिले की ज्यांची ही वजने सर्वांत कमी होती, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत जास्त होते. तोपर्यंत हृदयविकाराची चर्चा तंबाखू, तूप-तेल, रक्तदाब आणि धावपळ यांच्याभोवतीच फिरत होती. त्याचे एक मूळ जन्माआधीच्या वाढीत असू शकते, ही कल्पना तेव्हा फारच वेगळी होती.

यामागची कार्यपद्धती समजली, तर भीती बरीच कमी होते असा माझा अनुभव आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. वारेतून येणारा पुरवठा अपुरा पडू लागला की बाळ मेंदूकडे जाणारे रक्त राखते आणि मूत्रपिंडे, यकृत, स्नायू यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म घटकांना नेफ्रॉन म्हणतात. त्यांची संख्या माणसामाणसांत पुष्कळ वेगळी असते आणि गर्भारपणाच्या साधारण ३६व्या आठवड्यानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. कमी नेफ्रॉन घेऊन जन्मलेल्या व्यक्तीला तेच काम थोड्या घटकांकडून करून घ्यावे लागते, आणि त्यातून पुढे रक्तदाब वाढू शकतो, असा विचार ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडला. हृदयाच्या स्नायूपेशींचेही काहीसे असेच आहे. त्या संख्येने वाढतात ते मुख्यतः जन्माआधी, नंतर वाढतो तो प्रामुख्याने त्यांचा आकार. धमन्यांना लवचीकपणा देणारे इलॅस्टिन हे प्रथिन गर्भारपणाच्या उत्तरार्धात आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांत साठवले जाते. शिवाय आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला वारेतील एक विकर (एन्झाइम) बरेचसे निष्प्रभ करते. कमी प्रथिने दिलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये या विकराचे काम मंदावलेले आणि त्यांच्या पिल्लांचा रक्तदाब वाढलेला आढळला आहे.

या सगळ्यात तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर वेळ. नेफ्रॉनपैकी निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात. धमन्यांची जडणघडण आणि बाळाच्या वजनातील मोठी वाढ याच पुढच्या काळात व्हायची आहे. तुमच्यापुढे अजून २० आठवडे आहेत.

अर्थात, सुरुवातीच्या काळाला काहीच महत्त्व नाही असे मी म्हणणार नाही, कारण तुम्ही बहुधा डच दुष्काळाबद्दलही वाचले असेल. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्नपुरवठा तोडला गेला आणि माणशी शिधा दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींपर्यंत खाली आला. त्या वेळी पोटात असलेल्या मुलांचा अभ्यास ॲमस्टरडॅममध्ये अनेक दशके चालू आहे. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या सुरुवातीला उपाशी होत्या, त्यांचे जन्मवजन चांगले होते, तरीही पन्नाशीत त्यांच्यातील ८.८ टक्के लोकांना हृदयविकार आढळला. दुष्काळाची झळ न लागलेल्यांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. त्या आयांनाही पुढे पुरेसे अन्न मिळाले होते, त्यामुळे हा दाखला सहज बाजूला सारता येत नाही. पण तो वाचताना दुसरी बाजूही पाहावी. सुरुवातीला उपासमार सोसलेल्या दर १०० जणांतील ९१ जणांना त्या वयात हृदयविकार नव्हता. हा गट लहान होता. आणि त्या स्त्रियांवर कडाक्याची थंडी, युद्ध आणि परकी सत्ता यांचा भार एकाच वेळी पडला होता. लेनिनग्राडच्या वेढ्यात तर त्याहून भीषण उपासमार झाली होती, तरी त्या काळात गर्भात असलेल्यांचा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असा संबंध दाखवू शकला नाही. शिवाय २०१९ मध्ये हजारो माणसांच्या जनुकीय माहितीवरून असे दिसून आले की कमी जन्मवजन आणि पुढचा वाढलेला रक्तदाब यांच्या नात्याचा मोठा भाग दोन्हींवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक घटकांतून येतो. म्हणजे जन्मवजनाचे जे आकडे वाचून आया स्वतःला दोष देतात, त्यांतले सगळे आईच्या जेवणाच्या खात्यावर मांडता येत नाही.

तुमच्या परिस्थितीला सर्वांत जवळचा अभ्यास वेगळाच आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात तीव्र उलट्यांचा त्रास झालेल्या स्त्रियांची माहिती तपासून २००६ मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला. ज्यांचे वजन संपूर्ण गरोदरपणात ७ किलोंपेक्षा कमी वाढले, त्यांच्यात कमी वजनाची आणि अपुऱ्या दिवसांची बाळे जास्त आढळली. ज्यांचे वजन ७ किलो किंवा त्याहून जास्त वाढले, त्यांची बाळे उलट्यांचा त्रास न झालेल्या स्त्रियांच्या बाळांसारखीच होती. म्हणजे निकाल लागला तो उलट्या थांबल्यानंतरच्या महिन्यांत. तुमच्या बाबतीत ७ किलो म्हणजे शेवटी ६३ च्या आसपास. २० आठवड्यांत ९ किलो, म्हणजे आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम. तुमच्या उंची-वजनाच्या स्त्रीसाठी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅम वाढ योग्य मानली जाते, तेव्हा हे सहज आवाक्यातले आहे. वजनवाढीच्या तक्त्यात तुमच्या उंची-वजनाच्या गटासाठी एकूण ११.५ ते १६ किलो वाढ लिहिलेली असते. त्या आकड्याच्या मागे लागून जबरदस्तीने खाऊ नका. आठवड्याची चाल सांभाळा आणि बाळाची वाढ सोनोग्राफीत व पोटाच्या मापावर दिसते आहे ना, हे पाहा.

भरपाईच्या कल्पनेबद्दल इथे थांबून बोलायला हवे, कारण चांगल्या हेतूने सर्वांत जास्त गडबड इथेच होते. घरातले सगळे दोन जिवांचे खा म्हणतात आणि राहिलेले सगळे एकदम भरून काढण्याचा प्रयत्न सुरू होतो. आईच्या रक्तातील साखर वाढली की ती वारेतून बाळाकडे जाते, बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करू लागते आणि बाळाच्या अंगावर चरबी साठते. हृदयाच्या मधल्या पडद्याची जाडीही वाढू शकते. अतिवजनाचा दूरगामी परिणामही नोंदला गेला आहे. ॲबरडीनमध्ये जन्मलेल्या ३७,७०९ व्यक्तींच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणात लठ्ठ असलेल्या स्त्रियांच्या मुलांना प्रौढपणी हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका २९ टक्क्यांनी अधिक होता. तुम्ही त्या गटात नाही, पण अति आणि उणे या दोन्ही टोकांना हृदयाचा धोका वाढतो, हे ध्यानात असावे.

प्रथिनांचेही तसेच. स्कॉटलंडमधील मदरवेल येथे एके काळी गरोदर स्त्रियांना रोज जवळजवळ अर्धा किलो मांस खायला आणि पिष्टमय पदार्थ टाळायला सांगत असत. त्यांच्या मुलांचा रक्तदाब प्रौढ वयात मोजला, तेव्हा ज्यांच्या आयांनी जास्त मांस खाल्ले होते त्यांचा वरचा रक्तदाब अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटनाही कुपोषित गरोदर स्त्रियांना ऊर्जा आणि प्रथिने यांचा समतोल पूरक आहार सुचवते, मात्र अतिप्रथिनांची पूरके देऊ नयेत असे स्पष्ट सांगते. प्रथिनांच्या भुकटीचे डबे रिकामे करून हृदय मजबूत होत नाही.

मग प्रत्यक्षात काय करायचे? तुमचे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तदाब आणि सोनोग्राफीचा अहवाल तुम्ही लिहिलेला नाही, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीवर पुढचा सल्ला बदलू शकतो. जुळे असेल तर सगळे आकडेच बदलतात. ते लक्षात ठेवून हे वाचा. दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ३४० आणि तिसऱ्या तिमाहीत सुमारे ४५० कॅलरी अधिक लागतात, म्हणजे नेहमीच्या जेवणात एखाद्या भरीव न्याहारीइतकी भर. उलट्यांनंतर पोट लहान घासांना सरावलेले असते, म्हणून मी तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खायला सांगते. प्रत्येक खाण्यात डाळ, कडधान्य, दूध, दही, पनीर, सोयाबीन किंवा शेंगदाणे यांपैकी काहीतरी असावे, म्हणजे प्रथिने दिवसभर विभागून मिळतात आणि साखरही एकदम चढत नाही. भाज्या व फळे रोज असावीत. धान्य शक्यतो अख्खे असावे.

तुमच्या बाबतीत माझे सर्वांत जास्त लक्ष ब-१२ जीवनसत्त्वाकडे जाते. अंडी-मासे न खाणाऱ्या स्त्रीला ते केवळ दुधातून मिळते आणि तीन महिने उलट्या झाल्यावर साठा आणखी उतरलेला असू शकतो. पुण्यात १९९३ साली सुरू झालेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की ज्या आयांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड ज्याचे एक रूप आहे ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती, आणि हीच प्रवृत्ती पुढे मधुमेह व हृदयविकाराकडे नेऊ शकते. यावरून फॉलिक ॲसिड बंद करायचे नाही; ब-१२ तपासून घ्यायचे आणि कमी असेल तर डॉक्टरांकडून योग्य मात्रा सुरू करायची. लोहाच्या गोळ्या उलट्यांच्या काळात सुटल्या असतील, तर त्याही त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू कराव्यात, कारण रक्तक्षय असलेल्या आईकडून बाळाला प्राणवायूचा पुरवठा जेमतेमच होतो.

कॅल्शियमचे महत्त्व हाडांपुरते नाही. आहारात ते कमी असलेल्या समाजांतील गरोदर स्त्रियांना जागतिक आरोग्य संघटना रोज १.५ ते २ ग्रॅम कॅल्शियम सुचवते, ते प्रामुख्याने गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब आणि त्यातून होणारे प्री-एक्लॅम्प्सिया (रक्तदाबासोबत मूत्रपिंडासारख्या अवयवांवरही परिणाम करणारा विकार) टाळण्यासाठी. ज्या आयांना प्री-एक्लॅम्प्सिया झाले, त्यांच्या मुलांचा रक्तदाब बालपणापासूनच इतरांपेक्षा किंचित जास्त असतो. तुम्ही दूध-दही पुरेसे घेत असाल तर तुमची मात्रा कमी असू शकेल. ती ठरवून घ्या, आणि कॅल्शियम व लोह एकाच वेळी घेऊ नका, कारण कॅल्शियम लोहाच्या शोषणाआड येते. ओमेगा-३ च्या कॅप्सूलनी अपुऱ्या दिवसांची प्रसूती काही प्रमाणात टळते असा चांगला पुरावा आहे, परंतु मुलाचा रक्तदाब कमी राहतो असे त्यांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. तेव्हा केवळ बाळाच्या हृदयासाठी म्हणून त्या घ्याव्यात असे मी सांगणार नाही. मीठ नेहमीइतके ठेवा, मुद्दाम तोडू नका. चहा-कॉफी मर्यादित असावी. मद्य आणि तंबाखू यांना अजिबात जागा नाही, आणि त्यात घरातल्या दुसऱ्या कुणाचा धूरही आला. उलट्या पुन्हा सुरू झाल्या, तर सहन करत बसू नका. दीर्घकाळ उलट्या झालेल्या स्त्रीला थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यावे लागते आणि ते वेळेवर मिळणे तिच्या स्वतःच्या मेंदूसाठी गरजेचे असते.

साखरेची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. ती चुकवू नका आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घ्या. बाळाच्या पुढच्या हृदयाच्या दृष्टीने या दोन तपासण्या कोणत्याही खास खाद्यपदार्थापेक्षा मोलाच्या आहेत, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी तुमच्या वडिलांबद्दल, कारण आहाराच्या काळजीत हा मुद्दा मागे पडला आहे. इतक्या कमी वयातील झटक्यामागे कधी कधी आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असते आणि ते आई किंवा वडिलांकडून प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांचे जुने अहवाल मिळत असतील तर त्यांतील एलडीएलचा (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्याचा) आकडा पाहा आणि गरोदरपणापूर्वी तुमची स्वतःची तपासणी झाली असेल तर तीही काढून ठेवा. गरोदरपणात कोलेस्टेरॉल नैसर्गिकरीत्याच वाढते, त्यामुळे आता केलेल्या तपासणीवरून निष्कर्ष काढणे कठीण जाते. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ती करून घ्या. तुमचा आकडा फारच जास्त निघाला, तर तुमच्यावर उपचार सुरू होतील आणि मूल थोडे मोठे झाल्यावर त्याचीही तपासणी केव्हा करायची, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील. वडिलांच्या झटक्याची नोंद तुमच्या गरोदरपणाच्या फाइलमध्ये अजून नसेल, तर पुढच्या भेटीत ती करून घ्या.